दप्तर लपवणाऱ्या मुलीच्या आईला

बेळगावच्या उपनगरात राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. माहेर चंदगड तालुक्यातलं, स्वतःचं शिक्षण सगळं मराठीतून. मुलगी पाच वर्षं दोन महिन्यांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत यूकेजीत जाते. शाळेतून रोज इंग्रजीचं एक पान लिहायला येतं, दिवाळीनंतर कन्नडचंही एक पान सुरू झालंय. संध्याकाळी सासूबाई पाटी घेऊन मराठी मुळाक्षरं गिरवून घेतात. मुलगी हल्ली ‘हात दुखतोय’ म्हणते, आणि गेल्या आठवड्यात तिनं दप्तर तांदळाच्या पिंपामागं लपवलं. बी आणि डी उलटसुलट काढते, ३ चा आकडा आरशात दिसावा तसा लिहिते, घ आणि ध मध्ये चुकते. वर्गाच्या बाई म्हणतात, ‘तीन-तीन भाषांनी तिचा गोंधळ होतोय, घरी इंग्रजीतच बोला.’ नवऱ्याचं म्हणणं, आधी कन्नड पक्की करू, सगळी ऑफिसं कन्नडातच चालतात. मराठी काय, घरचीच आहे, तिसरी-चौथीत येईल. शेजारचा मुलगा याच वयात तिन्ही लिप्यांत स्वतःचं नाव लिहितो. त्या विचारतात: ‘कुठली लिपी थांबवू? शिकवणी लावू का? मला कन्नड वाचता येत नाही, म्हणून मी स्वतः काहीच करू शकत नाही.’

ताई,

तुम्ही लिप्यांचा प्रश्न पहिल्याच ओळीत विचारलात आणि दप्तर लपवल्याची गोष्ट मध्येच एका वाक्यात सांगून पुढं गेलात. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबले. पाच वर्षांचं पोर दप्तर लपवतं, तेव्हा त्याला तोंडानं जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगून झालेलं असतं. म्हणून लिप्यांकडं नंतर येऊ. आधी तिच्या हाताकडं बघू.

हात दुखतो हा तिचा बहाणा नाही, तो खरंच दुखतो. या वयात बोटांचे बारीक स्नायू आणि मनगट अजून तयार होत असतात. उद्या ती लिहायला बसली की शेजारी शांत बसून बघा. बोटांची टोकं पांढरी पडतात का? खांदा कानाकडं चढतो का? मागच्या पानावर अक्षरांचे वळ उठतात का? तसं असेल तर ती बोटांनी लिहीत नाही, अख्ख्या दंडानं लिहिते आहे. दोन पानं आणि वर पाटी, एवढं काम त्या दंडाला झेपणारं नाही.

आपल्या बेळगावात १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात त्या एकदाच. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तुम्ही जाता-येता बघत असाल. त्याच गांधीजींना स्वतःच्या वाईट अक्षराची जन्मभर लाज वाटत राहिली. त्यांनी लिहून ठेवलंय की मुलाला आधी चित्र काढायला शिकवावं. फुलं-पाखरं जशी ते बघून ओळखतं तशीच अक्षरंही बघूनच ओळखू द्यावीत, आणि वस्तू रेखाटता यायला लागल्या की मगच अक्षर काढायला लावावं. मी हे फार उशिरा वाचलं. पहिलीच्या वर्गावर नवी होते तेव्हा पाटी भरून एकच अक्षर गिरवून घेणाऱ्यांत मीही होते. शेवटच्या ओळीपर्यंत ते अक्षर कसं मोडत जातं हे रोज दिसायचं, आणि मी त्याला मुलांचा आळस समजायचे. त्या मुलांची आजही मला रुखरुख लागते.

तेव्हा पहिलं सांगणं हे, की घरातलं लिहिणं तीन-चार आठवडे अगदी कमी करा आणि हाताला दुसरी कामं द्या. चपात्या करताना कणकेचा गोळा द्या. त्याच्या वळ्या करू द्या, वळीचा ग करू द्या. पावटे सोलायला, शेंगा फोडायला शेजारी बसवा. परातीत रवा पसरून त्यात बोटानं अक्षर काढायला सांगा. चुकलं की परात हलवली, झालं कोरं. अंगणात पाण्याचा तांब्या आणि जुना ब्रश द्या, फरशीवर हात लांब करून मोठी मोठी अक्षरं काढू द्या. खडू द्याल तो मोडून, अंगठ्याच्या पेराएवढा. आखूड तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. आणि सासूबाई दारात ठिपक्यांची रांगोळी घालत असतील तर त्यासारखा लिहिण्याचा दुसरा अभ्यास नाही. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत रेघ नेऊन तिथंच थांबायचं, हेच तर अक्षर काढताना लागतं.

मॉन्टेसरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून मुलांना त्यावरून बोट फिरवायला दिलं होतं. तुम्ही रंगाच्या दुकानातून पॉलिश पेपर आणून पुठ्ठ्यावर चिकटवलात तरी तेच साधन तयार होतं. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर आसपास मिळेल त्या वस्तूंतून बालवाडी चालवून दाखवली. तेव्हा साधनं महाग आहेत म्हणून काही अडत नाही.

आता तुमच्या पत्रात सगळीकडं दिसणारं एक गृहीत. ‘तिला अक्षर येतं’ म्हणजे ‘तिला ते लिहिता येतं’ असं तुम्ही धरून चालला आहात. शाळाही तेच धरते, कारण वहीतलं पान पालकांना दाखवता येतं. पण अक्षर ओळखणं वेगळं आणि काढणं वेगळं. ओळखण्याचं काम कान आणि डोळे करतात, त्याला हात तयार व्हायची वाट बघावी लागत नाही. आणि ओळख पक्की नसताना गिरवलेलं अक्षर मुलासाठी नुसतं नक्षीकाम असतं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. तक्त्यावरची सगळी मुळाक्षरं धडाधड म्हणायचा. एकदा पाटीवर नुसता क काढून त्याला विचारलं, हे काय? म्हणाला, ‘कमळ.’ तो तक्त्यातली चित्रं वाचत होता, अक्षर त्यानं बघितलंच नव्हतं. तुमच्या मुलीचं काय आहे ते बघायचं असेल तर तक्त्यातल्या चित्रांवर कागद लावा आणि मधलंच कुठलंही अक्षर विचारा. वाण्याच्या पुडीच्या कागदावर, लग्नपत्रिकेवर, देवळाच्या पाटीवर तेच अक्षर शोधायला सांगा. सापडलं तर ते तिचं झालं, मग पाटीवर वाकडं का येईना.

या ओळखीच्याही आधी येतो तो आवाज. मका, मामा, मांजर यांत सुरुवातीला काय ऐकू येतं? ‘माझ्या मनात एक वस्तू आहे, न पासून सुरू होते, तुझ्या तोंडावरच आहे.’ नाक! रिक्षात, गाडीवर, भाजी निवडताना खेळायचा हा खेळ. शब्दाला टाळ्या वाजवा: बे-ळ-गा-व, चार टाळ्या. ज्या मुलाला शब्दाचे असे तुकडे ऐकू येतात, त्याला अक्षर म्हणजे त्या तुकड्याची खूण आहे हे लगेच कळतं. ज्याला ऐकू येत नाहीत, त्याला कितीही गिरवायला लावा, उपयोग नाही. खेळताना एक जपा. मराठीत च दोन प्रकारचा आहे, चाकाचा वेगळा आणि चिमणीचा वेगळा. ज चंही तसंच. मूल तिथं अडखळलं तर त्याचा कान चांगला आहे असं समजा. आणि ती ‘आज्जी जेवायल्यात’ म्हणाली तर ‘जेवत आहेत म्हण’ असं लगेच दुरुस्त करू नका. पुस्तकी मराठी पुस्तकातून येईलच. आत्ता तिच्या तोंडात जी मराठी आहे तिच्यावरच अक्षर रुजणार आहे.

म्हणूनच ‘मराठी काय, घरचीच आहे, नंतर येईल’ हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही. बोलणं घरचं आहे, वाचणं आपोआप येत नसतं. ‘ना’ आणि ‘क’ वाचून तिनं ‘नाक’ म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघा: ती खूण तिच्या ओळखीच्या वस्तूपाशी जाऊन पोचली. इंग्रजीत तीन अक्षरं जोडून तिनं ‘हेन’ वाचलं तरी समोर कोंबडी उभी राहत नाही, कारण तो शब्द तिच्या घरात कुणी बोलतच नाही. वाचन म्हणजे काय हे मुलाला एकदाच कळावं लागतं, आणि ते सगळ्यात सोपं कळतं बोलीतल्या शब्दांतून. मराठी मागं ठेवलेली मुलं मी पुढं पाचवी-सहावीत बघितली आहेत. आज्जीशी दिवसभर बोलायची, पण आज्जीच्या हातची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची.

मिस्टरांची बाकीची गोष्ट मात्र खरी आहे, ती मान्य करा. इथं राहायचं तर कन्नड लागणार. २०१५ साली कायदा झाल्यापासून इथल्या शाळांत कन्नड पहिलीपासून आहेच. पण ‘आधी कन्नड की आधी मराठी’ असं भांडण लावायची गरजच नाही, कारण या दोन लिप्या एकमेकींच्या वैरी नाहीत. दोघींची वर्णमाला एकाच क्रमानं चालते, क ख ग घ इकडंही आणि तिकडंही. आपली बाराखडी, त्यांची कागुणित. ळ दोघींकडं आहे. मराठीत ‘काना दिला की आवाज लांबतो’ हे जिला कळलं, तिला कन्नडात फक्त खुणेचा आकार नवा असतो.

फरक आहेत ते थोडे, पण नीट सांगावे लागतात. आपला अनुस्वार म्हणजे डोक्यावरचं टिंब, त्यांचा म्हणजे अक्षराच्या शेजारी गोल शून्य. आपण जोडाक्षरात बहुतेक पहिलं अक्षर अर्धं करतो, ते दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली ठेवतात. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे आणि दीर्घ वेगळे, हे मराठी कानाला सुरुवातीला जड जातं. आपल्याला शिरोरेषा, त्यांच्या पुष्कळ अक्षरांना डोक्यावर छोटा तलेकट्टू, म्हणजे एक आखूड खूण. एवढं सोडलं तर जिना तोच आहे, फक्त पायऱ्यांचा दगड वेगळा.

परकी आहे ती रोमन लिपी. आपल्याकडं अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. तिकडं अक्षराचं नाव ‘सी’ आणि आवाज कधी क, कधी स. पण ती अक्षरं २६, मोठी-छोटी धरून ५२. आपल्याकडं ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ रूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्यामुळं ‘एबीसीडी सहा महिन्यांत आली, मराठी-कन्नड का येत नाही’ ही तुलनाच चुकीची. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसलं की अशा लिपीतली अक्षरं पक्की व्हायला प्राथमिक शाळेतली बरीच वर्षं जातात. तुमची मुलगी अजून पहिलीतही गेलेली नाही.

तीन लिप्या हे या मुलखाला नवीनही नाही. माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. खातेवही मोडीत, पोथी बाळबोधीत, गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्या कानडीत. त्यांना तीन लिप्या आल्या, पण तिन्ही पाचव्या वर्षी एकाच संध्याकाळी कुणी गिरवून घेतल्या नव्हत्या.

म्हणून थांबवायची ती कुठलीही लिपी नव्हे, गिरवणं थांबवायचं. प्रत्येक लिपीला घरात वेगळा माणूस आणि वेगळी जागा द्या. मराठी आज्जीकडं आणि तुमच्याकडं. कन्नड बाबांकडं, तीही वहीत नको, रस्त्यावर. बसस्टँडवर पाच मिनिटं उभं राहून बसच्या पाट्या बघायच्या. कन्नडात ‘बेळगावि’, मराठीत ‘बेळगाव’: दोन्हीकडं चार अक्षरं, दुसरं ळ, तिसरं गा. मराठीतला ळ तिला आधीच ठाऊक असेल तर कन्नडातला ळ ती स्वतः शोधून काढेल, आणि स्वतः शोधलेलं अक्षर मूल सहसा विसरत नाही. इंग्रजीसाठी शाळा आहेच. ‘घरी इंग्रजीतच बोला’ हा सल्ला मात्र बाजूला ठेवा. आई मुलीशी मोडक्या इंग्रजीत बोलायला लागली की घरातली गोष्ट, चिडवणं, समजूत काढणं सगळंच आखूड होतं, आणि शब्दांचा साठाच कमी पडला तर कुठल्याच लिपीला आधार उरत नाही.

मराठीची सुरुवात कशी करायची, तर अ पासून ज्ञ पर्यंत मुळीच नको. तिच्या नावापासून करा, ती अक्षरं तिला आपली वाटतात. मग जुन्या शिक्षकांचं ग म भ न आहेच. त्यात तर्क आहे, ती एका वळणाची, उभ्या दांडीची अक्षरं. मला स्वतःला क, म, ब, न, र आणि एक काना एवढ्यावर महिनाभर राहायला आवडतं. काका, मामा, बाबा, नाना, नाक, कान, मका, राम: पाच अक्षरांत अर्धं घर वाचून होतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही दिसायला जवळची अक्षरं एका आठवड्यात शिकवू नका. घ पूर्णपणे तिचा झाला की दीड-दोन महिन्यांनी ध आणा. पाटीवर काढून दाखवाल तेव्हा अक्षर डावीकडून, दांडी नंतर आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. आधी रेघ मारून तिला अक्षर लटकवायची सवय लागली तर पुढं ती सवय मोडताना त्रास होतो. एका वेळी चार अक्षरं पुरेत. चारातलं कुठलं तुला जास्त छान वाटतं, असं तिलाच विचारा.

उलट्या अक्षरांची काळजी आत्ता करू नका. कपाचा कान डावीकडं असो की उजवीकडं, कप तो कपच, हे ती जन्मल्यापासून शिकत आलीय. कान फिरवला की नाव बदलतं अशी वस्तू तिला पहिल्यांदाच भेटते आहे. साधारण सात वर्षांपर्यंत हे चालतं. मी थोडी सावध होईन ती अशा वेळी: पहिलीचं पूर्ण वर्ष संपलं तरी रोजच्या सहवासातली दहा-बारा अक्षरंही ओळखू येत नसतील, एकाच आवाजाचे शब्द कानाला कळत नसतील, बोलणं परक्या माणसाला समजत नसेल, किंवा ती पुस्तक नाकाशी नेत असेल. तेव्हा आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांकडं जा. ती डावखुरी असेल तर हात बदलू नका, कागद थोडा उजवीकडं कलता ठेवा, बस.

शिकवणी नको. दुपारपर्यंत शाळा, मग पुन्हा एका खोलीत वही; लपवायला अजून एक दप्तर होईल एवढंच. शेजारच्या मुलाचं कौतुक त्याच्या आईजवळ करा, मुलीसमोर नको.

शाळेत एकदा जाऊन या, तक्रार घेऊन नको. तिची वही उघडून बाईंना पहिली ओळ आणि शेवटची ओळ शेजारी शेजारी दाखवा आणि म्हणा, ‘पहिल्या दोन ओळींत ती मन लावून काढते, पुढं हात थकतो. घरी दोन ओळी चांगल्या करून पाठवू का?’ बऱ्याच बाई ऐकतात. त्यांच्यावरही पान भरून घेण्याचं दडपण असतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही २०२० साली तीन ते आठ हे वय पायाभरणीचं मानलंय आणि खेळातून शिकण्यावर भर दिलाय, हे हळूच बोलण्यात आणा. तरीही नाही ऐकलं तर दोन ओळींखाली तुमची सही करा आणि उरलेलं पान कोरं पाठवा. तिच्या वतीनं तुम्ही ते भरू नका.

सासूबाईंना ‘गिरवून घेऊ नका’ असं सांगाल तर त्यांना लागेल. नातीसाठी रोज वेळ काढणारी आज्जी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांना म्हणा, ‘आई, पाटी थोडे दिवस ठेवू, तुम्ही तिला गोष्टी सांगा आणि रांगोळीला बसवा.’ दसऱ्याला पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती त्यांनीच तिच्याकडून काढून घ्यावी. या वयाच्या हाताला ती छान जमते.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, ‘मला कन्नड येत नाही म्हणून मी काहीच करू शकत नाही.’ पत्रात सगळ्यात जड मला तेच वाटलं. लग्न होऊन इकडं आल्यावर बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या नोटीसबोर्डापुढं तुम्हाला दुसऱ्याचं तोंड बघावं लागलं असेल. मुलीच्या गोंधळाची जी भीती वाटते तिच्यात थोडी ही भीतीही मिसळलेली असावी. तुम्ही तिच्याबरोबर शिका. आठवड्याला दोन अक्षरं, बसवरची, दुधाच्या पिशवीवरची. तिला शाळेत आलेलं अक्षर तिनं तुम्हाला शिकवावं, तुमचं चुकलं तर तिनं बरोबर करावं. आईला अक्षर अडतंय, आई पुसून परत काढतेय, हे बघितलेल्या मुलीला आपलं चुकलेलं अक्षर लपवावंसं वाटत नाही.

पाट्या दोन आणा. सुरुवात ‘अक्का’पासून करा, शब्द दोन्ही भाषांत जवळपास तोच, फक्त कन्नडात शेवटचा काना नाही आणि दुसरा क पहिल्याच्या पोटाखाली बसतो. तो कसा बसतो ते तिलाच विचारा.